बर्फाखालचा मासा आणि गटाची वही

 

आज मी तुम्हाला मासे धरायची गोष्ट सांगणार आहे. पण आपल्या धरणातली नाही. हिवाळ्यात जिथं अख्खं सरोवर गोठतं, माणसं त्याच्यावरून चालत जातात, बर्फाला भोक पाडतात आणि त्या भोकातून मासा वर काढतात, तिथली. तुम्ही म्हणाल, ताई, आपल्याला काय करायचंय त्याचं? आधी हा विषय कुठून निघाला ते सांगते.

गेल्या माघात मी धरणाकाठच्या एका गटाच्या बैठकीला गेले होते. या गटातल्या सात-आठ घरांचं पोट मासळीवर आहे. घरातली माणसं जाळं टाकतात, दोघी-तिघी बायकाही होडीवर जातात, बाकीच्या बाजारात बसून विकतात. त्या महिन्यात बहुतेकींचे हप्ते थकले होते. कारण विचारलं तर एक मावशी म्हणाल्या, "थंडी पडली की मासं कुठं दडून बसतंय काय कळंना. रोज तिथंच जाळं टाकतोय आन् रोज रिकामंच येतंय." शेजारची म्हणाली, "नशीब म्हणायचं, दुसरं काय!"

तेवढ्यात तिसरीनं आपला फोन पुढं केला. तिची लेक नर्स आहे, फिनलंड देशात नोकरीला गेलीय. लेकीनं व्हिडिओ पाठवला होता. नजर जाईल तिथवर पांढरं मैदान, त्यावर छोट्या स्टुलांवर बसलेल्या चार बायका, प्रत्येकीच्या पायाशी तांब्या मावेल एवढं भोक आणि हातात वीतभर काठी. "हे मैदान न्हाई बरं का, तळं हाय," तिची आई म्हणाली. सगळ्या हसल्या. पण मावशी हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "एवढ्या मोठ्या बर्फात मासा नेमका कुठं हाय, हे यांना कसं कळतं?"

प्रश्न मला आवडला. त्या लेकीशी मी दोन-तीन वेळा फोनवर बोलले, थोडं वाचलं, आणि जे कळलं ते आज सांगते.

फिनलंड हा युरोपच्या उत्तरेचा देश. तिथं लहानमोठी मिळून सुमारे १ लाख ८८ हजार तळी आणि सरोवरं आहेत. त्यातलं सगळ्यात खोल सरोवर म्हणजे पाय्यान्ने. लांबी साधारण १२० किलोमीटर, आणि सगळ्यात खोल जागी ९५ मीटर पाणी. म्हणजे एकावर एक तीस मजले रचले तरी बुडतील. राजधानी हेलसिंकीला पिण्याचं पाणी याच सरोवरातून जातं, तेही खडकातून खोदलेल्या १२० किलोमीटर लांबीच्या बोगद्यानं. हा बोगदा १९८२ साली पुरा झाला. ती लेक याच सरोवराच्या काठी राहते.

आता पहिला प्रश्न. सरोवर गोठलं तर मासे जगतात कसे? हे नीट समजून घ्या, कारण मासा कुठं असतो याचं अर्धं उत्तर यातच आहे.

थिजलेल्या खोबरेल तेलाचा गोळा पातळ तेलात टाकला तर तळाला जातो. बहुतेक पदार्थांचं असंच असतं, घट्ट झाले की जड होतात. पाण्याचं मात्र उलटं आहे. पाणी थंड होत होत ४ अंशांवर आलं की सगळ्यात जड होतं आणि खाली बसतं. त्याहून थंड झालं की पुन्हा हलकं होऊन वर येतं, आणि गोठलं की तरंगतं. म्हणून सरोवर वरून गोठतं, तळापासून नाही. बर्फाची जणू गोधडी होते. गोधडीच्या लगेच खालचं पाणी शून्य अंशाच्या आसपास, आणि जसजसं खोल जावं तसतसं थोडं थोडं ऊबदार. ऊबदार म्हणजे तरी किती? तर ४ अंशांच्या आतबाहेर. आपल्याला त्यात हात घालवणार नाही, पण माशाला तेवढा फरक पुरतो.

आता मासा कोणता, तर पर्च. फिनलंडमधल्या लोकांचा हा राष्ट्रीय मासा. हिरवट अंग, त्यावर काळे उभे पट्टे, पोटाकडचे पर लालभडक, आणि पाठीवरचा पर काटेरी. आपल्या चिलापीला हातात घेताना जशी काळजी घेतो, तशीच याचीही घ्यावी लागते. कल्ल्याच्या झाकणालाही टोक असतं, बोट कापतं.

या पर्चच्या तीन सवयी लक्षात ठेवायच्या. एक, तो थव्यानं राहतो, आणि साधारण सारख्या आकाराचे मासे एका थव्यात असतात. दोन, तो डोळ्यांनी शिकार करतो. म्हणून दिवसा खातो आणि अंधार पडला की गप्प होतो. तीन, तो एका जागी थांबत नाही. खाणं जिकडं तिकडं तो. हिवाळ्यात त्याचं खाणं म्हणजे गाळातल्या बारीक लाल अळ्या, पाण्यातले कोळंबीच्या जातीचे बारीक जीव, आणि मोठा पर्च असेल तर छोटे मासे.

म्हणजे मासा शोधायचा तर आधी त्याचं खाणं शोधायचं. आणि ते ऋतूप्रमाणे हलतं.

बर्फ नवा असतो तेव्हा पर्च उथळ खाडीत असतो, पाणवनस्पतींच्या कडेला, दोन-चार मीटर पाण्यात. वनस्पती अजून हिरव्या असतात, त्यात किडे असतात, लपायला जागा असते. पुढं थंडी वाढते, बर्फावर बर्फ साचतो, खाली उजेड पोचत नाही, वनस्पती कुजतात. मग थवे खोलात उतरतात, सहा मीटर, दहा मीटर, कधी त्याहून खाली. पण खोल म्हणजे कुठंही खोल नाही. तळ जिथं एकदम घसरतो तो उतार, पाण्याखाली बुडालेला उंचवटा, आणि दगडगोट्यांचा तळ संपून मऊ गाळ जिथं सुरू होतो ती कड, या त्यांच्या आवडत्या जागा. कड म्हणजे दोन शेतांमधला बांध समजा. बांधावर जसं दोन्हीकडचं सापडतं, तसंच तिथं. मग मार्च-एप्रिल येतो. दिवस मोठा होतो, वितळलेलं पाणी ओढ्यांतून आत येतं, सोबत प्राणवायू आणतं. बर्फ गेल्यावर अंडी घालायची असतात, म्हणून पर्च पुन्हा काठाकडे सरकतो, लव्हाळ्यांच्या जवळ, ओढ्याच्या तोंडापाशी. तिकडच्या लोकांना बर्फावरच्या मासेमारीसाठी हेच दिवस सगळ्यात आवडतात. ऊन असतं आणि मासा भुकेला असतो.

हे झालं माहीत असणं. आता प्रत्यक्ष शोधतात कसं ते ऐका.

सामान थोडकंच. बर्फाला भोक पाडायला हातानं फिरवायचं मोठं गिरमिट. भोकातला बर्फाचा भुगा काढायला झारा, अगदी आपल्या भज्यांच्या झाऱ्यासारखा. वीतभर-दीडवीत काठी, केसासारखा बारीक तंगूस, टोकाला शिशाचा इवला मणी असलेला गळ, आणि गळाला एक-दोन अळ्या. बसायला स्टूल. सामान ओढायला घसरगाडी.

काठावरून आत, उताराच्या दिशेनं, ओळीत भोकं पाडायची. पाच-दहा मीटर अंतरावर एक, अशी दहा-बारा. पहिल्या भोकातून दोरीला शिसं बांधून खोली मोजायची. मग दुसऱ्या, तिसऱ्या. मोजता मोजता तळ कुठं घसरला ते कळतं. मग गळ तळापर्यंत सोडायचा, एक-दोनदा हलकेच आपटायचा म्हणजे थोडा गाळ उडतो, अळी हलल्यासारखी वाटते आणि मासा बघायला येतो. मग गळ चार बोटं वर उचलायचा आणि थांबायचं. हे थांबणं महत्त्वाचं. पर्च बहुतेक वेळा गळ स्थिर असताना तोंड लावतो. नाही लागला तर अर्धा मीटर वर, मग एक मीटर वर असं बघायचं. चार-पाच मिनिटांत काहीच नाही तर उठायचं आणि पुढच्या भोकावर जायचं.

ती लेक सांगत होती, पहिल्या दिवशी ती एकाच भोकापाशी दोन तास बसली. हात गारठले, मासा एकही नाही. तिच्या वॉर्डात काम करणारी साठीतली एक बाई तेवढ्या वेळात पंधरा भोकं फिरून आली आणि तिच्या पिशवीत वीस मासे होते. लेक म्हणाली, "तुमचं नशीब चांगलं." ती बाई म्हणाली, नशीब नव्हे, मी पंधरा वेळा विचारलं आणि तू एकदाच. आणि मग तिनं खिशातून छोटी वही काढून दाखवली. कोणतं भोक, किती खोल, किती वाजता, किती मासे. चार हिवाळ्यांचा हिशोब होता त्यात.

मैत्रिणींनो, वही म्हटल्यावर माझे कान टवकारले. ते पुढं सांगते.

याच सरोवराच्या काठचा एक गरीब मच्छीमार होता, लाउरी रापाला. होडीत बसून तो बघत बसायचा की मोठा मासा बारक्या माशांच्या थव्यात शिरला की कुणाला धरतो. त्याच्या लक्षात आलं, जो थोडा लंगडा पोहतो, झुलतो, त्यालाच धरतो. १९३६ साली त्यानं बुचाच्या लाकडाचा मासा कोरला, त्याला चॉकलेटची चांदी गुंडाळली, फोटोच्या जुन्या फिती वितळवून वरून मुलामा दिला. तो खोटा मासा खऱ्यासारखा झुलत पोहायचा. पुढं त्याचा कारखाना झाला आणि आज जगभर मासे धरणारे त्याच्या नावाचे गळ वापरतात. आधी त्याच्याकडं भांडवल नव्हतं, पण तो बघायचा आणि बघितलेलं विसरायचा नाही.

आता एक नियम, जो मला फार पटला. पर्चच्या पोटात हवेची पिशवी असते, तिच्यामुळं तो पाण्यात हवा तिथं तरंगतो. काही माशांची पिशवी घशाला जोडलेली असते, ते हवा चटकन सोडू शकतात. पर्चची बंद असते. दहा-बारा मीटर खोलातून त्याला भराभर वर ओढलं तर पिशवी फुगते. लहान आहे म्हणून परत सोडला तरी तो खाली जाऊ शकत नाही, बर्फाखाली उलटा तरंगत मरतो. म्हणून जाणत्या बायका काय करतात? खोलात बारके मासे लागायला लागले की ती जागाच सोडतात. आपल्याला पुरेल तेवढे धरले की गिरमिट गुंडाळतात. "सोडून देऊ की" म्हणून धरत बसत नाहीत.

आता सगळ्यात महत्त्वाचं, जीव.

एकदा मासा जवळच्या बेटापलीकडे लागतोय असं कळलं. त्या लेकीनं बघितलं, दोन बेटांमधून सरळ गेलं तर अर्धी वाट वाचते. ती निघालीसुद्धा. त्या बाईनं मागून दंड धरून थांबवलं. म्हणाली, तिथं खाली पाणी वाहतंय. वाहत्या पाण्यावर बर्फ पातळ असतो, वरून दिसायला सगळीकडे पांढरंच. दोन बेटांमधली चिंचोळी वाट, ओढ्याचं तोंड, पुलाखालची जागा आणि लव्हाळ्यांची कड इथं बर्फावर विश्वास ठेवायचा नाही. तिनं हातातली लोखंडी पहार तिथं मारली, तर दोन घावांत पाणी वर आलं.

नियम असा की चांगला, काचेसारखा बर्फ निदान १० सेंटिमीटर जाड असल्याशिवाय त्यावर पाय ठेवायचा नाही, आणि जाताना मोजत जायचं. वसंतात तर जाड बर्फही आतून पोखरलेला असतो, उभ्या काड्यांची मोळी असावी तसा. त्यावर जाडीचा भरवसा नाही. आता हिवाळे बदलताहेत. फिनलंडच्या उत्तरेतल्या टोर्ने नदीवरचा बर्फ कधी फुटतो, याची नोंद १६९३ पासून ठेवलेली आहे. त्या नोंदीवरून दिसतं की बर्फ आता पूर्वीपेक्षा लवकर फुटतो. म्हणजे "आजोबा या तारखेला जायचे म्हणून मी जाते" हे चालत नाही.

प्रत्येकीच्या गळ्यात दोन टोचे असतात, लाकडी मुठीचे, दोरीनं जोडलेले. सोबत शिट्टी. पिशवीत लांब दोरी. बर्फ फुटून पाण्यात पडलं तर पहिलं मिनिट श्वास नुसता धपापतो. त्या मिनिटात घाबरायचं नाही, तोंड वर ठेवायचं. पुढची साधारण दहा मिनिटं हातपाय कामाचे असतात. आलो त्याच दिशेला वळायचं, कारण त्या बर्फानं आपलं वजन पेललेलं असतं. टोचे बर्फात रोवायचे, पाय मारत अंग आडवं करायचं आणि सरपटत वर यायचं. वर आल्यावर उभं राहायचं नाही, लोळत लांब जायचं. दुसऱ्यांनी धावत जवळ जायचं नाही, आडवं पडून दोरी फेकायची. आणि पहिला नियम, एकटीनं जायचंच नाही.

अजून दोन गोष्टी थोडक्यात. तिथं काही राखीव जागा सोडल्या तर अशा भोकातून साध्या गळानं मासा धरायला कुणालाही मुभा आहे. परवाना नाही, फी नाही, गावातली असो की परकी. म्हणून तर आपली ही लेक तिथं बसू शकली. जाळं लावायचं तर मात्र पाण्याच्या मालकांना विचारावं लागतं, आणि पुष्कळ ठिकाणी हे मालक म्हणजे गावकऱ्यांची सामायिक मंडळी असते. दुसरं, खाणं. पर्चचे खवले घट्ट असतात म्हणून कातडंच सोलतात, राईच्या पिठात घोळवून लोण्यात तळतात. तिकडच्या एका भागात राईच्या जाड भाकरीच्या आत मासे आणि डुकराचं मांस भरून तासन् तास भाजतात. पूर्वी कामावर जाणारे ही शिदोरी नेत. भाकरीच डबा आणि भाकरीच जेवण!

आता आपल्या मावशींकडे परत येऊ.

पुढच्या बैठकीत हे सगळं मी सांगितलं. आपल्याकडं बर्फ नाही, पर्च नाही. आपले रोहू-कटला थंडीत मंदावतात, कमी खातात, कमी फिरतात. पण "रोज तिथंच जाळं आन् रोज रिकामं" यावर उपाय तोच, विचारत फिरायचं आणि लिहून ठेवायचं. मी म्हटलं, आपण दोरीला हाता-हातावर गाठी मारू, टोकाला दगड बांधू, होडीतून तळ मोजू.

तेव्हा मावशी हळूच म्हणाल्या, "मोजायचं कशाला? तळ माझ्या पायाखालचा हाय." मैत्रिणींनो, त्या धरणाखाली त्यांचं माहेर आहे. दहा वर्षांच्या होत्या तेव्हा गाव उठलं. त्यांनी खडूनं फरशीवर काढून दाखवलं, इथं देऊळ, इथं आमची विहीर, इथून ओढा वाकून जायचा, ओढ्याची ही दरड पुरुषभर उंच होती, इथं मळईची जमीन. मला एकदम उमगलं, ही ओढ्याची दरड म्हणजेच तो उतार. मळई संपून दगड लागतो ती कड. आम्ही गाठींची दोरी घेऊन गेलो आणि मोजलं. मावशींचा ओढा होता तिथंच निघाला.

इतकी वर्षं त्या बाजारात मासे विकत होत्या. जाळं कुठं टाकायचं हे त्यांना कुणी विचारलंच नव्हतं.

जाळी रोज भरून यायला लागली असं मी म्हणणार नाही. पडक्या भिंतींवर एकदा जाळं अडकून फाटलंही. पण आता गटाच्या कर्जवहीशेजारी दुसरी वही आहे. तारीख, जागा, किती हात पाणी, काय लागलं. रिकामं आलं तर "रिकामं" असंही लिहायचं, कारण तेही उत्तरच आहे. आणि गटानं ठराव केलाय, होडीवर एकटीनं किंवा एकट्यानं जायचं नाही, आणि प्रत्येक होडीत लांब दोरी आणि झाकण घट्ट लावलेला रिकामा कॅन असलाच पाहिजे. गेल्या पावसाळ्यात तराफा उलटून एक पोरगा थोडक्यात वाचला. तेव्हा होडीत दोरी नव्हती.

तुमचा धंदा मासळीचा नसेल. शेळ्यांचा असेल, भाजीचा असेल, पापडाचा असेल. तरी या आठवड्यात एक काम करा. ज्या कामात "नशीब" म्हणून आपण गप्प बसतो, त्याची एक वही घाला. आणि गटातल्या सगळ्यात वयस्कर बाईला विचारा, मावशी, तुम्हाला यातलं काय ठाऊक आहे? उत्तर आलं की आम्हाला केंद्रावर कळवा. पुढच्या भागात वाचून दाखवू.

तोवर काळजी घ्या. नमस्कार.